रविवारची ओढगाडी

मित्रांनो, रिहे गावी कोंडिबांच्या घरामागच्या पडवीत कधी आलात, तर पेंढ्याच्या भाऱ्यांशेजारी चार चाकांची एक लाकडी गाडी दिसेल. ती मी. माझ्या एका चाकाचं रबर बाकीच्या तिघांशी जुळत नाही आणि पुढच्या फळीवर हळदीचा डाग आहे. बैलगाडीजवळ उभी केलीत तर मी तिचं वासरू वाटेन. पण लगेच हसू नका. मी समुद्र ओलांडून आलेली गाडी आहे आणि गेल्या दसऱ्याच्या आधी भंगारात जाता जाता वाचले आहे.

माझा जन्म जर्मनीतला. एका सुतारानं मला बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवलं, पुढं ओढायला लांब दांडी लावली आणि वर ऊन-पावसासाठी कापडी छत बसवलं. तिकडं लेकरं आणि खाण्यापिण्याचं सामान अशा गाडीत घालून माणसं फिरायला निघतात. कोंडिबांचा थोरला मुलगा निलेश तिथं इंजिनीयर म्हणून नोकरीला होता. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, प्राजक्तानं, मला घरी आणलं, तेव्हा त्यांची अनुष्का आठ महिन्यांची होती. रिकाम्या दुकानात धूळ खात पडलेली मी, एका दिवसात लेकुरवाळी झाले.

खरं सांगू का, त्या घरात सोमवार ते शनिवार मला कुणी विचारायचं नाही. निलेश कामावर जायचा आणि प्राजक्ता बाळाला घेऊन खिडकीत बसायची. बाहेर थंडी, शेजारी अनोळखी, आणि मराठीत बोलायला कुणी नाही म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायची. रविवार उजाडला की मात्र तिचा चेहरा बदलायचा. त्या देशात रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळं सगळी माणसं फिरायला बाहेर पडतात. प्राजक्ता पहाटेच उठून दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. डबा, गोधडी, दुपटी आणि मध्ये अनुष्का, असा माझा संसार रचला जायचा. नदीकाठ, सफरचंदांच्या बागा, जंगलातल्या वाटा, काही म्हणून आम्ही सोडलं नाही. तीन वर्षांत दीडेकशे रविवार तरी झाले असतील.

एकदा आमची चांगलीच फजिती झाली. दसरा आला. यांच्याकडं दुसरं वाहन नव्हतं, म्हणून पूजा माझीच करायची ठरली. झेंडू कुठं मिळेना. बाजारात शेवंती मात्र रगड. प्राजक्तानं हौसेनं पिवळ्या शेवंतीचा भलाथोरला हार केला, मला घातला, हळद-कुंकू लावलं आणि आम्ही मिरवत निघालो. रस्त्यातली माणसं बाजूला सरून मान खाली घालू लागली. शेजारच्या बाईंनी तर प्राजक्ताचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणलं. त्या भागात शेवंती नेतात ती कबरीवर, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. निलेश हसून हसून बेजार झाला. हळदीचा डाग तेव्हाचा. तो कुणी पुसला नाही.

आमच्या घरापासून नदीकडं जाताना दगडी फरसबंदीची एक गल्ली लागायची. तिथं माझी हाडं खिळखिळी व्हायची आणि अनुष्का भोकाड पसरायची. एके रविवारी निलेश मागं वळून म्हणाला, "अनू, तोंड उघड आणि आ म्हण." तिनं आ केला आणि धक्क्यांनी त्या आवाजाचे तुकडे तुकडे झाले. आ-आ-आ-आ! रडणं कुठल्या कुठं पळालं. वरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं. तिथं रविवारची शांतता फार जपतात, म्हणून निलेशनं घाईघाईनं माफी मागितली. पुढच्या रविवारी पाहतो तर ते आधीच खिडकीत वाट पाहत बसलेले! मग गल्ली आली की आ, हा आमचा नेमच झाला.

अनुष्का साडेतीन वर्षांची असताना निलेशला हिंजवडीत नोकरी मिळाली. त्यांनी तिथून जवळच नेऱ्याला फ्लॅट घेतला. चौथ्या मजल्यावर मला कुठं ठेवणार? मी रिह्याला आले. कोंडिबांनी मला फिरून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "खेळणं हाय का गाडी हाय ही?" पण भातलावणीला रोपांच्या मुठी बांधावर न्यायची वेळ आली आणि त्यांचं मत बदललं. मी खतं वाहिली, पाण्याचं इंजिन वाहिलं, पाच वर्षं गणपती ओढ्यावर पोचवला. कोंडिबा माझ्या चाकांना बैलगाडीच्या मायेनं वंगण घालायचे. आल्यागेल्याला सांगायचे, "लई इमानी हाय." मित्रांनो, त्या एका शब्दानं माझं लाकूड फुगायचं.

पुढं घरात ट्रॅक्टर आला. कोंडिबांचे गुडघे थकले. माझं छत उंदरांनी खाल्लं आणि एक कोंबडी माझ्यात बिनदिक्कत अंडी घालू लागली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

गेल्या दसऱ्याच्या आधी साफसफाईला सगळे रिह्याला जमले. प्राजक्तानं मला पडवीतून ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि अनुष्काला हाक मारली. अनुष्का आता बारा वर्षांची आहे. प्राजक्ता तिला एकेक गोष्ट सांगू लागली, सफरचंदांची बाग, शेवंतीचा हार, तू यात झोपायचीस ते. अनुष्कानं नीट ऐकून घेतलं. पोर वाईट नाही. पण शेवटी ती म्हणाली, "मम्मी, मला खरंच काही आठवत नाही. एकसुद्धा नाही."

प्राजक्ता हसली, पण मला तिचे हात ठाऊक आहेत. दांडीवरची तिची बोटं सैल पडली. ज्या दिवसांवर तिनं परक्या मुलखात तग धरला, ते सगळे दिवस आता तिच्या एकटीचे उरले होते. तिनं निलेशला सांगितलं की भंगारवाला आलाच आहे, हीही देऊन टाकू, ठेवायची तरी कुणासाठी? कोंडिबा ओट्यावरून म्हणाले, "चाकं हायेत, दांडी हाय. भंगारात कशापायी?" पण सून जुने डबे गोळा करायला लागली होती.

वाडीचा रस्ता कामासाठी उखडलेला होता. खडी पसरली होती, म्हणून भंगाराचा टेम्पो देवळापाशीच थांबला होता. माझ्यात जुने पत्रे नि डबे भरले आणि दांडी अनुष्काच्या हाती आली. तेवढ्यात तिची तीन वर्षांची चुलतबहीण सोनू पत्र्यांवर चढून बसली. मागून पिशवी घेऊन प्राजक्ता चालत होती. मी मनात दीडेकशे रविवारांना हात जोडले.

खडी सुरू झाली. मी खडखडले, सोनूचा चेहरा रडवेला झाला. अनुष्का न थांबता मागं वळली आणि म्हणाली, "सोनू, तोंड उघड आणि आ म्हण."

आ-आ-आ-आ!

प्राजक्ता जागच्या जागी उभी राहिली. तिनं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," अनुष्का म्हणाली. "खडीवर असंच करतात ना?"

प्राजक्तानं पिशवी खाली ठेवली आणि भर रस्त्यात लेकीला पोटाशी धरलं. अनुष्काला काही उमगेना. देवळापाशी पत्रे आणि डबे टेम्पोत गेले. मी गेले नाही. परतताना दांडी प्राजक्ताच्या हातात होती, सोनू माझ्यात होती, आणि खडी आली तेव्हा तिघींनी मिळून आ केला. ओट्यावर कोंडिबा वंगणाचा डबा घेऊन बसले होते.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. लहानपणी तुम्हाला कुणी कुठं कुठं फिरवलं असेल. ते आठवतं का, असं आईनं विचारलं, तर लगेच नाही म्हणून मोकळे होऊ नका. तुमच्या डोक्यात नसेल ते तुमच्या अंगात कुठंतरी असेल. आणि अडगळीतली एखादी वस्तू फेकून देण्याआधी तिला एकदा वाटेवर काढून बघा.

जाताना माझ्या चाकात दोन थेंब तेल घाला. पुढच्या रविवारी सोनूला ओढ्यावर न्यायचं आहे. ती विसरेल, पण न्यायचं आहे.