अक्कलदाढेचा शब्द

दातांच्या डॉक्टरचं एक दुःख असतं. त्याला कुणी उलट उत्तर देत नाही. समोरच्याच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस असताना डॉक्टर हवामानापासून जावयापर्यंत कशावरही मत देऊ शकतो, आणि पलीकडून फार तर "आँ" येतं. त्या "आँ"ला होकार समजायची सवय लागते. आपल्या डॉक्टरांना ती केव्हाच लागली होती. वाद घालायला माणसं आणायची कुठून? घरी बायको होती, भूगोलाची शिक्षिका. पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे वाद नव्हे, निकाल ऐकणं.

म्हणून डॉक्टर दोन पेशंटांच्या मधे 'टवाळखान्या'वर जात. ही इंटरनेटवरची एक जुनाट साइट. तिथे कुणीतरी तंत्रज्ञानाची बातमी आणून टाकायची आणि बाकीच्यांनी तिचे लचके तोडायचे. फोनला आणखी एक कॅमेरा आला, तोडा लचका. कुठल्या कंपनीने नाव बदललं, तोडा. खऱ्या नावाने तिथे कुणी नसे. डॉक्टरांचं नाव 'अक्कलदाढ'. साइट सुरू झाली त्याच आठवड्यात घेतलेलं, म्हणून शेपटीला आकडा नसलेलं. मागाहून आलेल्यांना 'अक्कलदाढ७७' वगैरेवर भागवावं लागलं, आणि ते डॉक्टरांशी जरा अदबीने बोलत. इतकी अदब डॉक्टरांना दुसरीकडे कुठेही मिळत नव्हती.

टवाळखान्यावर वाटेल ते बोलता येई, पण एक नियम मात्र कडक होता. त्याला खुंटी म्हणत. कुणी "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं लिहिलं, की बाकीचे "खुंटी! खुंटी!" ओरडत आणि साइट सांभाळणारा पहारेकरी ते वाक्य एका पानावर टांगून ठेवी. अमुक झालं, की तमुक करायचं. नाही केलं तर नाव जप्त, आणि पुढे जन्मभर 'थापाड्या' आणि क्रमांक. आजवर सहा थापाडे झाले होते. थापाड्या-दोनने मिशी काढायचं कबूल करून ऐन वेळी ती राखली होती. थापाड्या-चार खरं तर अभ्यासू माणूस, दाखले देऊन लिहायचा, पण त्याने काहीही लिहिलं तरी खाली पहिली प्रतिक्रिया एकच यायची: "असेल, असेल."

डॉक्टरांचंही एक वाक्य खुंटीला लटकत होतं. दूध नासल्याचं मालकाला फोनवर कळवणारा फ्रिज आला होता तेव्हाचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्यांनी लिहिलं होतं, "उद्या कपडे धुण्याचं मशीन बोलायला लागेल. तसं झालं, तर असली मशीनं बाजारात आहेत तोवर मी घरचे कपडे हाताने धुईन." लोकांनी दात काढले, खुंटी खुंटी झालं, आणि डॉक्टर ते विसरून गेले.

खुंटी विसरत नसते.

त्या दिवशी एका आजींच्या कवळीचं माप घेऊन डॉक्टरांनी फोन उघडला, तर बातमी वरच होती. एका कंपनीने कपडे धुण्याचं बोलकं मशीन आणलं होतं. ते पांढरे कपडे वेगळे करायला सांगे, मोजे उलटे आहेत म्हणून तक्रार करी आणि धुणं झालं की मालकाचं अभिनंदन करी. बातमीखाली गर्दी उसळली होती.

रिकामटेकडी: मंडळी, खुंटीकडे बघा. मी काही बोलत नाही.

उंदीरमामा: अरे देवा. अक्कलदाढ!!

अक्कलदाढ७७: दादा, हात मऊ आहेत का हो तुमचे?

रिकामटेकडी: असू देत. महिन्याभरात बोटांच्या मनुका होतील.

थापाड्या-चार: मी थोडं सरकून बसतो. सातव्याला जागा करायला हवी.

हे शेवटचं डॉक्टरांना झोंबलं. त्यांनी हातमोजे काढले आणि टाइप केलं, "शब्द म्हणजे शब्द. आजपासून सुरू."

"डॉक्टर, रूट कॅनल आत बसलंय," रिसेप्शनवरची बाई दारातून म्हणाली.

"बसू दे. माझंही नशीब आज त्याच खुर्चीत बसलंय."

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको उत्तरपत्रिका तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही.

"कुणाला दिलास शब्द? त्या उंदराला?"

"उंदीरमामा. आणि एकट्याला नाही, सगळ्यांना."

"त्यातल्या एकाचं तरी तोंड बघितलंयस कधी?"

"तोंडं मी दिवसभर बघतो."

"बरं," ती म्हणाली. मग चष्म्यावरून पाहत तिने अंगठ्यापासून मोजायला सुरुवात केली. "गिटार. जपानी भाषा. गच्चीवरचे टोमॅटो. आणि आत उभी आहे ती ट्रेडमिल. तुझ्यासारखा आरंभशूर माणूस मी पाहिला नाही. उद्घाटनं कर म्हणावं, तर दिवसाला दोन करशील."

"हे वेगळं आहे."

"टोमॅटोच्या वेळीही हेच वाक्य होतं." तिने पुढची उत्तरपत्रिका ओढली. "चादरीसुद्धा धुवाव्या लागतील हं. आणि माझ्या सुती साड्या पिळायच्या नाहीत, नुसत्या निथळायच्या."

कॉलेजातून आलेल्या मुलीने सगळं ऐकलं आणि न्हाणीघराच्या दारात उभं राहून विचारलं, "बाबा, चार दिवस की आठ? मैत्रिणींशी पैज लावायचीय."

डॉक्टरांनी घरच्या मशीनवर जुनी चादर घातली, मेलेल्या माणसावर घालतात तशी, आणि बाजारातून एक टब, एक दांड्याचा ब्रश आणि साबणाच्या वड्या आणल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीची नवी जीन्स आणि स्वतःचा पांढरा कोट एकाच टबात भिजवला. कोट फिकट निळा निघाला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या पेशंटने विचारलं, "डॉक्टर, युनिफॉर्म बदलला?" डॉक्टर म्हणाले, "नवीन पद्धत आहे," आणि घाईघाईने त्याच्या तोंडात कापूस कोंबला. कंबर धरली, गुडघे बोलू लागले. पण एक गोष्ट कुणालाही अपेक्षित नव्हती: डॉक्टरांचा हात बसू लागला. कॉलर घासायची ती आडवी नव्हे, कडेकडेने, छोट्या छोट्या गोलांत. पेशंटना ते आयुष्यभर हेच सांगत आले होते. फक्त तिथे हिरड्या होत्या आणि इथे कॉलर. वाळत घालायला दोरी पुरेना तेव्हा त्यांनी बनियनं ट्रेडमिलच्या दांड्यांवर टाकली. ते यंत्र घरात आल्यापासून पहिल्यांदाच कामाला आलं.

आठवडाअखेर त्यांनी टवाळखान्यावर फोटो टाकला. साबणाने माखलेला हात, हातात कॉलर, मागे टब. खाली लिहिलं, "हा घ्या पुरावा." आणि अभिनंदनाची वाट पाहत बसले.

उंदीरमामा: एआयने बनवलाय.

रिकामटेकडी: बोटं मोजा रे, बोटं मोजा!

अक्कलदाढ७७: ...सहा आहेत, दादा.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. करंगळीच्या पलीकडे ब्रशचा गुलाबी दांडा, फेसातून नेमका बोटाएवढा वर आला होता. त्यांनी लिहिलं, "तो दांडा आहे." कुणीतरी लिहिलं, "सगळे तसंच म्हणतात." त्यांनी दुसरा फोटो टाकला, बोटं पसरून. आता लोक म्हणाले, फेस फारच सुबक आहे, खरा फेस असा नसतो. तिसऱ्यात सावली उलटी पडली होती म्हणे. खोट्या फोटोंना खरं मानून मानून मंडळी अनेकदा तोंडघशी पडली होती. आता खरा फोटो दिसला की ती हुशार होत.

ज्यांनी कधी रुमाल धुतला नव्हता ते फेसातले तज्ज्ञ झाले. डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं, की खोटं बोलणं सोपं आहे. खरं वागून ते पटवून देणं, हे काम दाढ काढण्यापेक्षा अवघड.

आणि मग ते आलंच. त्यांनी एका नव्या फोनबद्दल चार बऱ्या ओळी लिहिल्या होत्या. खाली पहिली प्रतिक्रिया: "असेल, असेल."

संध्याकाळी पहारेकऱ्याचा निरोप आला: "अक्कलदाढ, तुझ्याबद्दल आदर आहे, पण तक्रारी फार आल्या. रविवारी दुपारी सगळ्यांसमोर थेट धुऊन दाखव. नाहीतर नाव काढावं लागेल."

"सोडून दे ना," बायको म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुला माहीत आहे तू धुतोस. मला माहीत आहे. कोट निळा आहे, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"नाव जाईल."

"खरं नाव आहे ना शिल्लक? दारावर पाटी आहे."

"पाटीशी कुणी भांडत नाही," डॉक्टर म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. रविवारी सकाळी तिने टबाशेजारी एक गोष्ट आणून ठेवली: डबलबेडची चादर. सगळ्यात जाड.

दुपारी मुलगी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर फोन धरून उभी राहिली. डॉक्टर अर्ध्या चड्डीत, पाटावर. बघायला इतकी माणसं जमली होती, की टवाळखान्याला घाम फुटून तो मधेमधे अडकत होता. मुलगी प्रतिक्रिया मोठ्याने वाचू लागली.

"बाबा, उंदीरमामा म्हणतायत पाय छान आहेत."

"पुढचं वाच."

"रिकामटेकडी म्हणतेय, साबण उलटा धरलाय."

"साबणाला सुलटी बाजू असते का? विचार तिला."

"विचारलं. ती म्हणतेय, तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

डॉक्टरांनी नसलेली बाही वर सारली आणि चादरीला भिडले. एक कोपरा घासला, दुसरा घासला. घासण्यागणिक पाणी काळं होऊ लागलं. गंमत करणाऱ्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. कुणी लिहिलं, "खरंच धुतोय रे." कुणी लिहिलं, "माझी आई अशी धुवायची," आणि त्यावर कुणीही विनोद केला नाही, ही टवाळखान्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

चादर निम्मी झाली असेल, तेवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, थांबा! वकीलसाहेब आलेत!"

वकीलसाहेब हे टवाळखान्यावरचं जुनं खोड. कुठल्याही नियमाची उसवलेली शिवण शोधण्यात पटाईत. त्यांनी त्या बोलक्या मशीनचं माहितीपत्रक पानपान वाचलं होतं. मशीनला स्पीकरच नव्हता. आवाज यायचा मालकाच्या फोनमधून. म्हणजे मशीन मुकंच, बोलतो तो फोन. आणि फोन बोलला तर कपडे धुईन असं अक्कलदाढ कधीच म्हणाला नव्हता.

"पहारेकरी काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा... म्हणतोय, मुद्दा मान्य. अक्कलदाढ सुटला. नाव कायम." मुलीने फोन खाली घेतला. "बाबा, सुटलात! उठा!"

डॉक्टर उठले नाहीत. पाठ ठणकत होती. उठण्याची इच्छा कंबरेतून वर येत होती, ती त्यांना नीट ओळखीची होती. गिटारच्या वेळी बोटांतून आली होती, टोमॅटोच्या वेळी उन्हातून. प्रत्येक वेळी सबब चोख असे. यावेळची तर पहिल्या प्रतीची होती, वकिलाने तपासलेली. त्यांनी मान वर केली. दारात बायको उभी होती. तिचे ओठ 'वाटलंच' म्हणायच्या बेतात जुळले होते, पण ती थांबली होती. वाट बघत होती.

"फोन वर धर," डॉक्टर मुलीला म्हणाले.

"अहो बाबा, पण सुटलात ना?"

"मशीन मुकं असेल. मी नव्हतो." त्यांनी साबणाची वडी पुन्हा उचलली. "लोकांना सांग, फोनच्या तोंडून का होईना, मशीन बोलतंय. ते बाजारात आहे तोवर मी धुणार. वकीलसाहेबांचे आभार मान, आणि म्हणावं, फी दातांतून वसूल करून घ्या. कधीही या."

प्रतिक्रियांचा असा लोंढा आला, की मुलीला वाचता येईना. डॉक्टरांनी उरलेली चादर घासली, खळबळली, पुन्हा खळबळली. मग पिळायला घेतली आणि अडकले. ओली डबलबेडची चादर एकट्याला पिळता येत नाही. या टोकाला पीळ द्यावा तर ते टोक गरगर फिरतं.

बायकोने पदर खोचला, आत आली आणि दुसरं टोक धरलं.

"मदत चालते का, विचार गं," ती मुलीला म्हणाली.

"पहारेकरी म्हणतोय, पिळणं म्हणजे धुणं नव्हे. चालतं."

"शहाणा आहे." तिने उलट्या दिशेने पीळ दिला. चादरीतून धो धो पाणी पडलं. मग कॅमेऱ्याकडे वळून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "ऐका, मी याची बायको. याला तुम्ही आज ओळखताय, मी लग्नापासून. हा माणूस महिनाभर जरी टिकला ना, तर मी रोज सकाळी त्या ट्रेडमिलवर पळेन!"

मुलीने पडद्याकडे पाहिलं.

"आई," मुलगी म्हणाली, "तू हे काय बोललीस?"

"काय बोलले?"

मुलीने फोन तिच्याकडे वळवला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द सरकत होता. खुंटी. खुंटी. खुंटी.

हे सगळं होऊन बराच काळ लोटला. बोलकी मशीनं अजून बाजारात आहेत, आणि डॉक्टर अजून पाटावर बसतात. बनियनं वाळत घालायला त्यांना दुसरी जागा शोधावी लागली, कारण सकाळी आतल्या खोलीतून ट्रेडमिलची घरघर येते आणि त्यावर, धापा टाकत, नवऱ्याच्या नावाने केलेला उद्धार. खुंटीला वाक्य टांगायचं तर नाव हवं, म्हणून बायकोलाही टवाळखान्यावर खातं काढावं लागलं. सगळी बरी नावं गेली होती. एक मात्र, कसं कोण जाणे, कुणी घेतलं नव्हतं, आकड्याशिवाय मिळालं.

परवा डॉक्टरांनी नव्या धुण्याचा फोटो टाकला. आता कुणी बोटं मोजत नाही. खाली पहिली प्रतिक्रिया आली.

उलटउत्तर: कॉलर परत धू.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. मग नळ सोडला.