रविवारी श्वास घेणारा ओढा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नका ठेवू. पण एक आख्खा ओढा अकरा वर्षं एका काकांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी मुक्कामाला होता आणि त्याची रोजची खबर इंटरनेटवर साऱ्या जगाला मिळत होती, हे शंभर टक्के खरं आहे. हवं तर पर्यावरणाच्या बाईंना विचारा. त्या उत्तर देणार नाहीत, ते सोडा.

बाईंच्या वर्गात मुलं नऊ. एके दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं.

"पुढच्या सोमवारी तपासणीवाले येतायत. मुलांनी आपल्याच भागातल्या खऱ्या आकड्यांवर काम केलेलं दिसलं तर तुमचा विषय राहील. नाहीतर तुमची खोली टायपिंगच्या वर्गाला."

"सर, आकडे आणू कुठून? दोन परीक्षानळ्या होत्या, त्यांत तुम्ही वेल लावलेत."

"इंटरनेटवर सगळं मिळतं, बाई. वरून यादी आलीय."

यादीत त्रेचाळीस पत्ते होते. संगणकाच्या खोलीत चालू यंत्र एकच, तेही पंखा लावला की मान टाकायचं. बाई चार दिवस शाळा सुटल्यावर घामाघूम होऊन बसल्या. पहिले एकोणीस पत्ते उघडेचनात. विसाव्यावर जंगलांऐवजी चपलांचं दुकान निघालं. एकावर अस्वलाला बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारायला लावायचा खेळ होता. बाईंचं अस्वल दर वेळी बुडालं. एका ठिकाणी हवेचे छान आकडे होते, पण समुद्रापलीकडचे. एकावर नकाशे, तक्ते, धडे, सगळं होतं, फक्त आत शिरायला विद्यापीठाचं ओळखपत्र लागत होतं.

शेजारी प्रश्नावली बसलेली असायची. वर्गातली ही मुलगी झोपेतही प्रश्नच विचारत असणार, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलं होतं.

"बाई, अशी पानं मेली की त्यांतली माहिती कुठे जाते?"

"आपण मेल्यावर जिथे जातो तिथेच. पुढचा पत्ता वाच."

त्रेचाळिसावा पत्ता उघडला. साधं करड्या रंगाचं पान, वर एक ओळ: 'ओढ्याचं पाणी, रोजची मोजणी'. ओढा शाळेपासून तीन थांब्यांवरचा! पाण्यातला प्राणवायू, गढूळपणा, तापमान. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पंखा बंद असल्यामुळे ते घामात खपून गेलं.

मुलं आकड्यांवर तुटून पडली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून त्यांनी भिंतभर आलेख काढला. तिसऱ्या दिवशी प्रश्नावली ओरडली, "बाई, दर रविवारी प्राणवायू वाढतो! गढूळपणा उतरतो! रविवारी कारखाने बंद असतात ना? रविवारी ओढा श्वास घेतो, बाई!"

असं वाक्य बाईंनी उभ्या नोकरीत कुठल्या मुलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शनिवारी दुपारी मात्र आलेख नीट करताना त्यांचं लक्ष तापमानाच्या रेघेकडे गेलं. बारा महिने सव्वीस अंश. थंडीतही सव्वीस. रेघ अशी सरळ, की पट्टीला लाज वाटावी.

पानाच्या तळाशी मोजणी करणाऱ्याचा पत्ता होता. बाईंनी बस धरली.

दार उघडलं एका बनियनमधल्या काकांनी. टीव्हीशेजारी काचेची पेटी, तिच्यात पाच मासे, पाणी उबदार ठेवणारा लाल दिवा, आणि पाण्यात बुडवलेली एक सरकारी शिक्क्याची, मोजणीची कांडी.

"ओढा? तो अकरा वर्षांपूर्वीच सिमेंटखाली गेला, ताई. वर गाडीतळ झाला. पण कांडी कोरडी पडली की यंत्र ऑफिसात बोंबलतं, आणि ऑफिस माझ्या नावाने. साहेब म्हणाले, कांडी पाण्यात राहिली पाहिजे. कुठल्या पाण्यात, ते काही बोलले नाहीत."

"आणि रविवारी?" बाईंनी विचारलं, उत्तर समोर पोहत असतानाही.

"रविवारी पाणी बदलतो ना! सुट्टी असते." काका एकदम लाजले. "खरं सांगू? ते पान कोणी बघतं, हे मला आजच कळलं. बसा ना, चहा टाकतो."

बाईंनी चहा घेतला. माशांतला एक काळा सारखा काचेला तोंड लावून त्यांच्याकडे बघत होता.

रविवारभर त्यांनी मनाशी घोकलं: सकाळी लवकर जायचं, मुलांना खरं सांगायचं. सोमवारी त्या पोचल्या तर व्हरांड्यात टायपिंगची टेबलं एकावर एक रचून तयार होती. वर्गात आठ मुलं केसांना पाणी लावून बसली होती. प्रश्नावलीचा पत्ता नव्हता.

"ओढ्याचा फोटो काढायला गेलीय," एकजण म्हणाला. "प्रकल्पवहीच्या मुखपृष्ठासाठी."

बाई तोंड उघडणार, तोच तपासणीवाले दारात. त्यांच्यातल्या एक चष्मेवाल्या मॅडम आलेखासमोर बराच वेळ थांबल्या.

"रविवारी ओढा श्वास घेतो," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सुंदर! वीस वर्षांत असं काम पाहिलं नाही मी." मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातल्या टेबलांकडे पाठ केली. "बाई, तुम्ही स्वतः जाऊन पाहिलात हा ओढा?" मॅडमनी विचारलं.

आठ माना बाईंकडे वळल्या.

"पाहिला तर," बाई म्हणाल्या. "शनिवारीच. पाणी नितळ आहे. मासेसुद्धा आहेत. पाच तर मीच मोजले. त्यात एक काळा. तो अगदी काठाशी येऊन..."

"बाई."

दारात प्रश्नावली उभी होती. बूट सिमेंटच्या धुळीने पांढरे, हातात मोबाइल.

"बाई, तिथे गाड्या उभ्या आहेत. खोटं बोलताय तुम्ही."