नऊ भाषांची वही

मी पाचवीच्या वर्गाची वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. खरं तर मला खेळाच्या सामानाची नोंद करायला आणलं होतं. माझ्या पहिल्या पानावर अजून लिहिलेलं आहे : ‘चेंडू सात, पैकी फुटके चार.’ त्यापुढे नोंद करायचा उत्साह कुणाला राहिला नाही, म्हणून वर्गाच्या बाईंनी मला मागून घेतलं.

बाईंच्या वर्गात चौतीस मुलं आणि त्यांच्या घरी बोलायच्या भाषा नऊ. कुणाचे वडील गिरणीत, कुणाची आई दवाखान्यात, कुणाचं बिऱ्हाड नव्या पुलाच्या कामापाठोपाठ आलेलं. बाई म्हणाल्या, “रोज एकाने घरचा एक शब्द आणायचा. वहीत लिहायचा आणि त्याचा अर्थ शाळेच्या भाषेत सगळ्यांना समजावून सांगायचा.”

मग काय, माझी चंगळच झाली! एका भाषेत काल आणि उद्या दोन्हींना एकच शब्द. मग ती माणसं गृहपाठ कधी करतात, असा मला प्रश्न पडला. एका घरी मामा, काका, आत्याचे यजमान सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात; हाक मारली की म्हणे तिघेही ‘ओ’ देतात.

वर्षाच्या मध्यावर एक मुलगी आली. तिचे वडील पुलावर वेल्डर होते. ती ओठांतल्या ओठांत बोलायची, म्हणून मुलांनी तिचं नाव ‘पुटपुटी’ ठेवलं. तिने एकोणचाळिसाव्या पानावर दोन अक्षरी शब्द लिहिला, अर्थ सांगायला उभी राहिली आणि नेमकी घंटा झाली. पोरं धूम पळाली. अर्थाची जागा कोरीच राहिली. आठवडाभर ती मला कुसळासारखी टोचत होती.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीचे आजोबा शाळेत आले. निवृत्त फौजी, कॉलरची इस्त्रीसुद्धा सावधानमध्ये उभी. नात घरी भलतेच शब्द बोलायला लागली, म्हणून चिडले होते.

“एक देश, एक भाषा. ती पक्की करायची सोडून हे काय चालवलंय? आमच्या पलटणीत हुकूम एकाच भाषेत व्हायचा. नऊ भाषांत झाला असता, तर मी आज इथे उभा नसतो.”

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. “बाई, वही कपाटात टाका. तक्रार वर गेली तर उत्तर मला द्यावं लागेल.”

कपाट! माझ्या पानांत धडकीच भरली. अजून कितीतरी शब्द कळायचे होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, “ठेवते. पण काका, एकदा चाळून तरी बघा.”

चुका शोधायच्या म्हणून आजोबा बोटाला थुंकी लावून पानं उलटू लागले. एकोणचाळिसाव्या पानावर थांबले. तो शब्द त्यांनी हलकेच उच्चारला. त्यांचं बोट त्या शब्दाखालून हलेना.

“हा कुणी लिहिला?”

पुटपुटीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

“बाळ, याचा अर्थ पाणी ना?”

“नाही आजोबा.” ती चक्क ऐकू येईल असं बोलली. “आई कामाला निघाली की मी म्हणते. म्हणजे... जाऊ नकोस. इथंच बस.”

आजोबा मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. म्हणाले, “माझा एक जोडीदार होता. गोळी लागली. शुद्ध हरपत गेली तसा घरचं बोलायला लागला. हाच शब्द, परत परत. मला वाटलं, पाणी मागतोय. मी ओढ्याकडे पळालो. आलो, तेव्हा सगळं संपलं होतं. चाळीस वर्षं मला वाटत होतं, पाणी आणायला उशीर झाला.”

पुटपुटी पुढे आली. “पण तुम्ही परत आला होतात ना?”

“आलो होतो गं.”

जाताना त्यांनी मला स्वतःच्या हाताने बाईंच्या टेबलावर ठेवलं. “सगळ्यांना एक भाषा आली पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे. पण ही वही कपाटात नको.” आणि पुढच्या आठवड्यापासून ते दर गुरुवारी यायला लागले, शाळेची भाषा कच्ची असलेल्या मुलांना शिकवायला. शिस्त कडक, पण प्रत्येकाला आधी विचारायचे, “याला तुझ्या घरी काय म्हणतात?”

देश एक कशाने राहतो, हे मला वहीला काय कळणार! चौतीस मुलं एका सुरात प्रतिज्ञा म्हणतात, ते मला फार आवडतं. पण शेजारचा कळवळून काय म्हणतोय हे कळलं नाही, तर नुसत्या सुराने भागेल का? विचारत राहते झालं.

आता पूल पूर्ण झालाय. पुटपुटीचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेलं. माझा पुठ्ठा सुटलाय, शिवण उसवलीय आणि शेवटचं दीड पान तेवढं उरलंय. तुम्ही इतकं ऐकलंत, तर एक कराल? तुमच्या घरी मुलाला झोपवताना काय म्हणतात, तेवढं लिहून जा. अर्थासकट हं.