पाव इंचाची ढलपी

मी एक जुनी पाणसळ आहे. जमीन सपाट आहे की नाही, हे सांगण्याचं पवित्र काम माझ्याकडे आहे. आणि मित्रांनो, चाळीस वर्षांच्या सेवेत मी एकदाही खोटं बोललेले नाही. माझ्या हातून जे नुकसान झालं, ते खरं बोलूनच झालं.

माझं अंग लाकडाचं, लांबी दोन फूट. पोटात काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधोमध आला की माणसं खूश होतात. थोडक्यात, माझी सगळी प्रतिष्ठा पोटातल्या वायूवर उभी आहे.

माझे मालक गवंडीकाम करणारे मिस्त्री; त्यांना मी त्यांच्या सासऱ्यांकडून मिळाले. "सासरहून आलेल्यांत न बोलणारी ही एकटीच," असं ते कौतुकाने म्हणत. मला पुसत मात्र कधीच नसत. सिमेंटचे डाग अंगावर घेऊन मी भिंती, जिने, ओटे सगळं सरळ केलं. मग आम्ही सरांच्या परसात आलो.

सर गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या मुलीची उंची पावणेसहा फूट, म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. शाळेच्या बास्केटबॉल संघात चिमणीला जायचं होतं. निवड चाचणी दोन महिन्यांवर आलेली, आणि सराव करायला जागा नाही. सरांनी ठरवलं, परसातच मैदान बांधायचं.

मिस्त्रींनी आधी एक खड्डा खणला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच.

"सर, तुमची माती चिकण आहे. पाणी पीत नाही, नुसत्या गुळण्या करते," मिस्त्री म्हणाले. "वरचं पाणी वरच्या वर पळवायला लागेल. फरशीला ढाळ देतो आणि कडेला चर काढतो."

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा," सर म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. ते नंतर त्यांच्याही लक्षात राहिलं नाही.

ढाळ मोजायची मिस्त्रींची एक युक्ती होती. पाव इंच जाडीची लाकडाची ढलपी ते माझ्या एका टोकाखाली चिकटपट्टीने बसवत. ते टोक उताराच्या बाजूला ठेवायचं. मग बुडबुडा मधोमध आला, की जमिनीला हवा तेवढा ढाळ आलाच. त्या ढलपीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलंही होतं : 'चिमणीचं मैदान.'

काँक्रीट ओतायच्या दिवशी मिस्त्रींना ताप भरला. त्यांनी दोन मजूर पाठवले आणि त्यांच्याबरोबर मला. सर स्वतः देखरेखीला उभे राहिले. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय ही अवजारांची दशा! खाली कचरा चिकटलाय."

"साहेब, मिस्त्री ते काढू देत नाहीत," एक मजूर म्हणाला.

"म्हणूनच त्यांच्या हातची कामं अशी होतात."

सरांनी ब्लेडने ढलपी काढली. चांगली वस्तू टाकायची नाही, या शिस्तीने ती न वाचताच खिशात घातली, आणि रात्री खणात ठेवून दिली. मग रॉकेलच्या बोळ्याने मला स्वच्छ पुसलं. मित्रांनो, त्या वेळी मी काय करत होते, हे सांगताना आजही माझा बुडबुडा एका कोपऱ्यात जातो. मला फार बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत कोणी माझं अंग पुसलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी सरांना सगळीकडे मधोमध बुडबुडा दाखवला. खराखुरा. मैदान आरशासारखं सपाट झालं.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी माझ्या पोटाखालून अंगठा फिरवला.

"ढलपी कुठंय, सर?"

"कसली ढलपी? बुडबुडा बघा, कसा मधोमध आहे!"

"पाणी थांबेल, सर."

"मिस्त्री, मी भूमिती शिकवतो."

मिस्त्री निघून गेले. मला तिथेच ठेवून गेले, आणि त्याचा अर्थ मला कळला: मी त्यांच्या मनातून उतरले होते.

पहिल्याच सरीत मैदानावर तळं झालं. कडेचा चर मात्र ठणठणीत कोरडा. चिमणी रोज सकाळी झाडूने पाणी लोटायची आणि उरलेल्या वेळात खेळायची. सर शेजाऱ्यांना सांगायचे, "मिस्त्रीने काम बिघडवलं." शेजाऱ्यांनीही मिस्त्रींना बोलावणं बंद केलं. मी जिन्याखाली स्वच्छ अंगाने पडून हे ऐकत होते.

चाचणीला आठ दिवस असताना चिमणी घसरली. घोटा टम्म सुजला. "या वेळी चाचणी विसरा," डॉक्टर म्हणाले. घरी पट्टी बांधताना आईने पिन मागितली. सरांनी खण उपसला, आणि पिनेऐवजी त्यांच्या हाताला ढलपी लागली. त्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. तीन शब्द होते... छे, दोनच. पण सरांना बराच वेळ लागला.

"पिन मिळाली का?" आईने विचारलं.

"चूक माझी होती," सर म्हणाले.

"पिन, पिन विचारतेय मी!"

दुसऱ्या दिवशी ते मला आणि ढलपीला घेऊन मिस्त्रींच्या दारात उभे राहिले. नंतर शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊनही त्यांनी तेच सांगितलं. गणितात चुकलेलं उत्तर खोडता येतं. काँक्रीट फोडावं लागतं. मिस्त्रींनी वरचा थर फोडला, ढलपी पुन्हा मला बसवली आणि नवा थर दिला. आता पाऊस थांबल्यावर पाव तासात मैदान मोकळं होतं.

मित्रांनो, एखाद्या अवजाराला काही चिकटलेलं दिसलं, तर खरवडण्याआधी ज्याचं ते आहे त्याला विचारा. अवजाराला विचारू नका. आम्ही पुसून घ्यायला एका पायावर तयार असतो.

चाचणीच्या दिवशी सर चिमणीला निदान बघायला म्हणून शाळेत घेऊन गेले. चाचणी रद्द झाली होती. शाळेच्या मैदानात घोटाभर पाणी होतं.