कोहळ्याच्या बिया

राजूबाईनं आपल्या सुनेच्या, गुरुबाईच्या स्वयंपाकाला कधी चुकूनही बरं म्हटलं नाही. भाकरी करपली, वरण आटलं, भाजीचा लगदा झाला. मुडबीच्या विहिरीवर चार बाया भेटल्या की हे गाऱ्हाणं ठरलेलं. "आमची सून चुलीवरचं काळं झाल्याबिगर उतरवतच न्हाई," असं ती सांगायची आणि बाया हसायच्या.

त्या वर्षी राजूबाईचा एकुलता लेक गुंडेराव वाळायला लागला. खायचा दोघांचं आणि दिसायचा पाप्याचं पितर. एका सकाळी तिनं त्याचं अंथरूण झाडलं, तर पांढऱ्या, चपट्या, वाळक्या बिया पडल्या. कोहळ्याच्या! अंथरुणात कोहळ्याच्या बिया म्हणजे करणीच. आणि घरात परकी बाई एकच होती.

"माज्या लेकाला खायलीस व्हय गं रांडे?" ती अंगणात किंचाळली. "कामून केलीस करणी? तुज्या भावाला सांगावा धाडते. घिऊन जाऊ दे तुला हळ्ळीखेडला!"

गुरुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याची धोतरं तीच धुवायची. तसल्याच बिया तिनं धोतराला चिकटलेल्या पाहिल्या होत्या, ओल्या, आणि त्यातली एक तर वळवळत होती. आपल्याच अंगातून हे पडतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तेवढं बोलला असता तरी पुरे होतं. तो गोठ्याकडं निघून गेला. सासूच्या शिव्यांची तिला सवय होती, पण त्याच्या त्या पाठीचा तिला मनापासून संताप आला. करणीवाली म्हणून परत आलेल्या बहिणीला भाऊ तरी किती दिवस घरात ठेवून घेईल? सांगावा नेणाऱ्या गड्याला तिनं हळूच सांगितलं, "अण्णाला म्हनावं, येताना हकीमसाबाला घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी भाऊ हकिमाला गाडीत घालून आला. हकिमानं एक बी पाण्यात भिजवली, उजेडात धरली.

"बियां नहीं ये, मां. कीड़े के टुकड़े हैं. कद्दू के बीज सरीके दिखते, सो इसकू कद्दूदाना बोलते."

किडा पोटातच असतो, खाटेच्या नवारीसारखा लांब आणि चपटा, आणि हे त्याचे तुटून पडलेले तुकडे, असं त्यानं समजावलं. मग गुंडेरावाकडं रोखून म्हणाला, "कच्चा गोश्त खाए बगैर ये नहीं होता."

गळ्यात लिंग बांधणारं लिंगायताचं घर ते, तिथं अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं.

राजूबाईच आधी सावरली. "हिनंच घातलं असंल चोरून! हिच्याच हातचं खातंय लेकरू!"

गुंडेरावानं मान खाली घातली. आता भाऊही बहिणीकडं संशयानं बघायला लागला.

गुरुबाई पदर खोचून पुढं आली. "आत्याबाई, माज्या हातचं करपल्याबिगर उतरत न्हाई, हे साऱ्या गावाला तुमीच सांगत फिरलाव. म्या घातलं असतं तर त्याचा कोळसा झाला असता. कच्चं कुटून ऱ्हाईल?"

दारात जमलेल्या बायांतली एक फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या.

"हुमनाबादला," गुंडेराव पुटपुटला. "सरकारच्या लेव्हीची जवारी घालाय जातो तवा. सळईवरचं गोश्त खातो, अर्धंकच्चं."

हकिमानं औषध सांगितलं. डाळिंबाच्या मुळीच्या सालीचा काढा, एरंडेल, आणि त्याआधी भोपळ्याच्या सोललेल्या बिया, ओंजळभर. गुरुबाईनं माळ्यावरचा भोपळा काढला, विळीवर चिरला आणि बियांची परात सासूपुढं आदळली.

"सोला," ती म्हणाली. "माजा हात लागला, तर पुन्ना करणी म्हनताल."