मुकी झालेली फ्लॉपी

सुकन्याला संशय घ्यायला फारसं काही लागत नसे. दूधवाल्यानं माप उचललं की ती आधी मापाच्या बुडाकडं बघायची. एसटीत शेजारची बाई गोड बोलायला लागली की पर्स खांद्यावरून मांडीवर यायची. तिचा नवरा भागवत चेष्टेनं म्हणायचा, "तुला कॉलेजात उगाच घेतलं, पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." एरवी ती यावर हसायची. पण त्या वर्षी दिवाळी झाली आणि तिचं हसू आटलं, कारण तिची फ्लॉपी मुकी झाली होती.

फ्लॉपी निळी होती, तळहातात मावणारी. तिच्यात सुकन्याचा एम. फिल.चा सगळा प्रबंध होता. तिच्याच गावच्या, काष्टीच्या आठवडे बाजारात भाजी, सुकी मासळी, सुया-पोत विकायला बसणाऱ्या बायकांवर तो लिहिलेला होता. दोन वर्षं ती त्या बायकांच्या पालात जाऊन बसली होती. त्यांच्या शिव्या, त्यांची थट्टा, त्यांचे हिशेब आणि त्यांचं रडणं तिनं गोळा केलं होतं. श्रीगोंद्याच्या कॉलेजात ती तासांवर शिकवायची. महिनाअखेर प्रबंध पुण्याला पोचला तर जागा कायम होणार होती. नाही पोचला तर ती जागा भारतीला जाणार होती. भारतीही तिथंच तासांवर शिकवायची, आणि तिचा प्रबंध कापडी बांधणी होऊन तयार होता.

श्रीगोंद्यातला टायपिंगवाला फ्लॉपी घालायचा, यंत्र कर्र कर्र करायचं आणि पडद्यावर इंग्रजीत नकार यायचा. त्यानं तीनदा घातली, तीनदा काढली, फुंकर मारली, पँटला पुसली. त्याच्या स्वतःच्या मशिनीत गणपतीच्या सुमारास व्हायरस शिरला होता आणि त्यानं सगळं धुऊन काढलं होतं. प्रिंट तर शेवटी एकदमच काढायची ठरलेली. "हातानं लिहिलेलं असेल की, मॅडम," तो म्हणाला. टाइप झालेली पानं हाच बाबा टाकून देत आला होता. आणि त्याच्याही आधीची पानं कुठं गेली ते सुकन्याला चांगलं ठाऊक होतं.

ती चुलीत गेली होती. आदल्या पावसाळ्यात लाकडं ओली होती, चूल पेटत नव्हती, आणि सासूनं, दगडाबाईनं, फळीवरचा कागदांचा गठ्ठा ओढून पेटवणाला लावला. म्हातारीला वाचता येत नाही. सुकन्यानं विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, "व्हय, म्याच घातली. मला रद्दी वाटली." झालं! शेजारपाजारच्यांनी भिंतीला कान लावावेत असं भांडण झालं. त्यानंतर पुढची दिवाळी येईपर्यंत सुकन्यानं सासूच्या हातचं पाणी घेतलं नाही. स्वतःचा तांब्या वेगळा ठेवला आणि रोज तो सासूच्या देखत घासला. मला विचाराल तर हा शुद्ध आडमुठेपणा होता, पण तेव्हा तिला विचारायला कुणी गेलं नाही.

फ्लॉपी पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी तर तिनं ती दगडाबाईच्या नाकासमोर धरली होती. "हे बघा, आत्याबाई. तुमचं जसं खुरपं, तसं माझं हे. ह्याच्यावर माझं पोट आहे. ह्याला हात लावायचा नाही." दगडाबाईनं मान डोलावली होती.

म्हणून आता फ्लॉपी मुकी झाल्यावर सुकन्याचा संशय गावभर हिंडून शेवटी घरीच येऊन बसला. आधी तो टायपिंगवाल्यावर गेला. मग भारतीवर गेला, कारण दिवाळीत ती फराळाला आली होती आणि कपाटाकडं बघून "किती टापटीप गं तुझं" म्हणाली होती. पण भारती एकटी अशी कपाटापाशी गेलीच नव्हती. दसऱ्याला सुकन्या चार दिवस माहेरी, देवळाली प्रवऱ्याला गेली होती. तेव्हा घरात कोण होतं?

तिनं त्याच संध्याकाळी विचारलं. भागवत म्हणाला, "मला ते उघडतं कुठनं तेच माहीत नाही." तो दूध डेअरीत मेकॅनिक होता आणि त्याच्या हाताला ग्रीस नसलेला दिवस कुणी पाहिला नव्हता. मग तिनं सासूकडं वळून विचारलं, "आत्याबाई, कपाटातल्या निळ्या डबीला तुम्ही हात लावला होता?"

दगडाबाई बाजरी पाखडत होती. सूप हवेत थांबलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "म्या कशाला हात लावू?"

पण नजर सुपात गेली. खाई त्याला खवखवे, सुकन्या मनात म्हणाली. रात्री तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. घरातल्या घरात कुलूप! दगडाबाईनं ते कुलूप पाहिलं आणि चुलीपुढचं सारवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुकन्या नगरला गेली. दिल्लीगेटजवळ एका बोळात प्रवीण नावाचा माणूस बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं तिला कॉलेजातल्या क्लार्कनं सांगितलं होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, त्यात पोट फाडून ठेवलेली यंत्रं. प्रवीण फ्लॉपी हातात घेऊन म्हणाला, "ठेवून जा मॅडम, परवा या."

"मी इथंच बसते."

"वेळ लागेल."

"लागू दे."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं खुर्ची ओढली ती थेट त्याच्या कोपराला लागून. आपल्या फ्लॉपीच्या कोपऱ्यावर तिनं पेनानं एक फुली मारून ठेवली होती, अदलाबदल झाली तर कळावं म्हणून. तिची नजर त्या फुलीवरून हलत नव्हती.

प्रवीणनं फ्लॉपीची पत्र्याची झडप नखानं सरकवली. दिवा जवळ ओढला आणि थांबला. मग त्यानं फ्लॉपी तिच्यापुढं धरली.

आत काळ्या चकतीवर तांबडा-पिवळा लेप होता. हळद आणि कुंकू. सुकून चिकटलेलं, आणि त्यात तांदळाचा एक दाणा.

सुकन्याच्या डोक्यात पहिला शब्द आला तो करणी. एम. फिल. करणाऱ्या बाईच्या डोक्यात असा शब्द यावा याची तिला लाज वाटली, पण शब्द आला तो आलाच. म्हणजे म्हातारीनं हात लावला होता! नुसता हात नाही, तिनं काहीतरी केलं होतं. आणि तोंडावर 'न्हाई बाई' म्हणाली होती. सापडली! इतके दिवस छातीवर असलेल्या ओझ्याला एकदाचं नाव मिळालं, आणि खरं सांगायचं तर सुकन्याला त्याचा जरा आनंदही झाला. संशयी माणसाला संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही.

"तुमच्याकडं दसऱ्याला फ्लॉपीची पूजा करतात का?" प्रवीण हसत म्हणाला. "आमची आई मॉनिटरला हार घालते. पण निदान बाहेरून."

"पूजा?" सुकन्या फणकारली. "माझ्या वस्तूची? त्या बाईनं? तुम्ही आमच्या घरी राहिला नाहीत."

प्रवीणनं वाद घातला नाही. त्यानं पातळ पातं घालून फ्लॉपीचं कवच हलक्या हातानं उकललं. आतली काळी चकती बाहेर आली. एवढीशी, चिवड्याच्या पाकिटाच्या कागदाइतकी पातळ. दोन वर्षं यात आहेत यावर सुकन्याचा विश्वास बसेना. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चकती पुसायला घेतली. बोळे लाल होत गेले. एका जागी चकतीवर गोल चरा पडला होता. "यंत्राचं डोकं घासलंय इथं, दाण्यावरून," तो म्हणाला. मग एक नवीन फ्लॉपी उकलून तिच्या कवचात त्यानं ही चकती बसवली आणि कोपऱ्यात पडलेला एक जुनाट ड्राइव्ह जोडला. हा मेला तरी चालण्यासारखा आहे, असं म्हणाला. एक प्रोग्रॅम लावला. तो फ्लॉपीतला एकेक कप्पा वाचायचा, अडला की परत मागं जाऊन वाचायचा.

यंत्र कुरकुरत राहिलं. सुकन्याला तहान लागली होती, पण ती पाण्यासाठी उठली नाही. शेवटी पडद्यावर तिनं दिलेली फायलींची नावं उमटली. तिनं श्वास सोडला. प्रवीणनं पहिली फाइल उघडली.

पडदाभर इंग्रजी अक्षरांचा काला सांडला. कंस, आकडे, उद्गारचिन्हं. एक शब्द मराठी नाही.

"ही माझी नाही!" सुकन्या उभीच राहिली. "माझी फुली होती त्या कवचावर! ते कवचच तुम्ही फेकलंत! बदललीत तुम्ही!"

बोळातून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. प्रवीणनं मान खाली घातली, टेबलाच्या खणातून एक फ्लॉपी काढली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या टायपिंगवाल्यानं जी मराठी अक्षरं वापरलीत ती माझ्या मशिनीत नाहीत. ती टाकेपर्यंत मशिनीला हे इंग्रजीच वाटणार. बसा."

ती बसली. त्यानं अक्षरं टाकली, फाइल बंद करून पुन्हा उघडली. आणि त्या काल्यातून एकदम ओळ उभी राहिली: 'रंगुबाई म्हणाली, बाजारात बसायचं तर आधी बूड घट्ट पाहिजे, माल काय, मागनं येतो.'

सुकन्याला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही. रंगुबाई आली, छबूबाई आली, बायडाबाई तिच्या सुकटीच्या पाटीसकट आली. चरा पडला होता तिथली काही पानं तेवढी गेली होती. ती परत लिहिता येण्यासारखी होती.

प्रवीणनं दोन नव्या फ्लॉपींवर सगळं उतरवून दिलं आणि जुन्या कवचासकट त्यांची पुडी बांधली. "दोन्ही एका कपाटात ठेवू नका," तो म्हणाला. "एक तुमच्याकडं ठेवा. दुसरी भरवशाच्या माणसाकडं द्या."

नगरहून काष्टीपर्यंत एसटीत सुकन्या त्या एका वाक्यावर अडकली. भरवशाचं माणूस. भागवत? तो ती पान्यांच्या डब्यात टाकेल. कॉलेज? तिथं भारती आहे. टायपिंगवाला? त्याचं नावच नको. माहेर? तिथं भावजय आहे. खिडकीबाहेर उसाच्या गाड्या मागं पडत होत्या आणि तिच्या मनातली माणसंही एकेक करून मागं पडत गेली. पस्तिशीच्या बाईला हातात ठेवायला एक फ्लॉपी आणि द्यायला एकही माणूस नसावं, याचं तिला वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचाही राग आला आणि तो सगळा राग तिनं सासूसाठी बांधून ठेवला.

घरी दगडाबाई ओसरीवर राखेनं भांडी घासत बसली होती. सुकन्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. पुडी उघडून तिनं ते जुनं, फुली मारलेलं निळं कवच सासूपुढं टाकलं. आतल्या बाजूला कुंकू अजून लागलेलं होतं.

"हे काय आहे, आत्याबाई?"

म्हातारीनं कवचाकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मोडली व्हय गं? माझ्यानं मोडली?"

"आधी सांगा, हे कशाला केलंत?"

दगडाबाई खाली बघत म्हणाली, "खंडेनवमीला खुरपं, इळा, कोयता, भागवताचं पाने-पक्कड, समदं पाटावर मांडलं. तूच म्हनली हुतीस, हे माझं खुरपं हाय म्हनून. समद्यांच्या हत्याराला कुंकू लावायचं आन् तुझंच तेवढं कपाटात ठिवायचं? म्हनलं, सुनंला वाटंल, सासूनं मला घरातली धरलीच न्हाई."

"आत कशाला लावलंत?"

"त्या पत्र्याला नख लागलं, तो सरकला. आत काळंभोर दिसलं. म्हनलं, ह्येच त्याचं कपाळ असंल. कपाळ सोडून पाठीला कुनी कुंकू लावतं व्हय?"

सुकन्याचा एसटीभर बांधलेला राग आता कुठं ठेवावा ते तिला कळेना. तरी तो सहज सुटणारा नव्हता. "मग मी विचारलं तेव्हा खोटं का बोललात?"

दगडाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"चुलीच्या टायमाला खरं बोलले हुते की. तवा तू माझ्या हातचं पानी सोडलंस. समोर तांब्या घासायचीस. त्यो आवाज आजून कानात हाय माझ्या."

दूधवाल्याच्या मापाच्या बुडापासून प्रवीणच्या कोपरापर्यंत सुकन्यानं सगळ्यांना तपासलं होतं. त्या तांब्याचा आवाज मात्र तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं चपला काढल्या, आत गेली, माठाजवळचा सासूचा तांब्या उचलला आणि उभ्यानंच घटाघटा पाणी प्यायली. मग बाहेर येऊन पुडीतली एक नवी फ्लॉपी तिनं सासूपुढं धरली.

"सगळं परत मिळालंय, आत्याबाई. ही दुसरी आहे. ही तुमच्या पेटीत ठेवा."

दगडाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं बाई. मला भ्या वाटतं. म्या न्हाई त्याला हात लावायची."

"लावा. पुढच्या दसऱ्याला कुंकूसुद्धा लावा. फक्त वरनं."

म्हातारी हलली नाही. सुकन्याचा हात पुढंच होता. शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी बघत होतं, पण आज ते कोण आहे हे बघायला तिनं मान वळवली नाही. हात अवघडला तरी मागं घेतला नाही.

बऱ्याच वेळानं दगडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"थांब," ती म्हणाली. "राखंचं हात हायेत माझं. धुऊन येते."