आईच्या घरचा फुकट फोन

कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर मोबाइलवरून फोन करायचा नाही, हा आमच्या घराण्याचा कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला वर्षभर टोमणे खावे लागतात. मी खाल्लेत. माझं पडदे शिवायचं दुकान आहे. एकदा मशीनची मोटर बसली, तेव्हा मी दुकानातूनच कंपनीला मोबाइल लावला. या नंबरांचा दर साध्या फोनच्या कैक पट असतो आणि तो पलीकडची बाई बोलायला लागल्यावर नव्हे, ताटकळत ठेवतानाची बासरी वाजायला लागल्यापासूनच चालू होतो, हे मला कोण सांगणार? बासरी ऐकता ऐकता मी एका अख्ख्या पडद्याला हाताने हुक लावले. मग मोबाइलमधले पैसे संपले. बाई आली नाही, आणि मोटर बसली ती बसलीच.

तेव्हापासून मी या विषयातली जाणकार झाले. वस्तूच्या खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीच्या ऑफिसचा साधा नंबर असतो, तो शोधायचा. ‘नवीन खरेदीसाठी’ म्हणून दिलेला नंबर बहुधा फुकट असतो आणि तिथे पहिल्या घंटीला उचलतात, कारण गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नसतात तोवरच त्याला किंमत. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आईच्या घरचा तारेचा फोन. त्यावरून असले सगळे नंबर फुकट लागतात. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच आम्ही तो बंद केला नाही. मी, दादा, वहिनी, ज्याचा फ्रिज बिघडेल तो आईकडे. तोंडाने म्हणायचं, तुला बघायला आलो, आणि मग बैठकीच्या खोलीत दाराजवळच्या स्टुलावर बसून तासभर कंपनीशी भांडायचं. आई शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायची. मध्येच उठून पाण्याचा पेला आणून द्यायची.

गेल्या थंडीत आई हरवली. रोज संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या वाचनालयात पेपर वाचायला जायची. त्या दिवशी फाटकातून बाहेर पडली, उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळली आणि चालतच राहिली. अंधार पडल्यावर एका टॅक्सीवाल्याने तिला आणून सोडलं. तिच्या पायात एक चप्पल तिची होती आणि एक बाबांची. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झालीत. ती चप्पल घरात अजून होती हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, लक्ष ठेवा. आई एकटीच राहते, लक्ष ठेवायला माणूस लागतं. दादाने कुलूप आणलं.

आकडे दाबून उघडायचं कुलूप. बाहेरून आत यायला आकडा, तसाच आतून बाहेर जायलाही आकडा. ज्येष्ठांना सवलत होती म्हणून दादाने ते आईच्या नावावर घेतलं, आणि ती सवलत कशी मिळवली याचं पुराण आईसमोर आल्यागेल्याला ऐकवलं. आकडा दादाला माहीत आणि मला माहीत. आईला सांगायचा नाही असं काही ठरलं नव्हतं. आम्ही फक्त सांगितला नाही.

आईच्या दारासमोरच्या घरात ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर राहतात. ते एकदा मला जिन्यात अडवून म्हणाले, आत आग लागली तर ही बाई काय करणार? मी म्हटलं, मास्तर, तोंडातून वाईट कशाला काढता? आणि तरातरा खाली उतरले. राग मास्तरांचा नव्हताच. पहिले काही दिवस आई दाराशी येऊन बटणं दाबून बघायची. मग तिने ते सोडून दिलं. वहिनी म्हणाली, बघा, किती शहाण्यासारख्या राहतात. मलाही तसंच वाटलं. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

तर त्या दुपारी मी आईची औषधं आणि तिच्या खिडकीचा नवा पडदा घेऊन जिना चढले. दोन्ही हात भरलेले, म्हणून एका बोटाने कसाबसा आकडा दाबला. चुकला. पुन्हा दाबला, घाईत पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चिडून दाबला, आणि चिडून कुठली गोष्ट बरोबर झालीय? कुलपावर लाल दिवा लागला आणि अक्षरं सरकायला लागली: ग्राहक सेवेशी संपर्क साधा. पुढे नंबर. नंबर बघूनच मी ओळखलं, तो त्याच महागड्या जातीचा होता.

आईला हाक मारून सांगितलं की कुलूप अडकलंय, आता ना मला आत येता येत, ना तुला बाहेर.

आतून उत्तर आलं, “बरं.”

बातमी माझ्यासाठी नवी होती, तिच्यासाठी नव्हती.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, कंपनीला लाव, पण मोबाइलवरून लावू नकोस हं, लुटतात. मी विचारलं, मग कुठून लावू? फुकटचा फोन दाराच्या आत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा असतं तरी परवडलं असतं, इथे कळसाच कडीकुलपात. दादा म्हणाला, माझी मीटिंग आहे, आणि सुटला बिचारा.

मग मी माझी सगळी विद्या पणाला लावली. मास्तरांचं दार वाजवलं. त्यांनी तारेचा फोन कधीच काढून टाकला होता. म्हणाले, आता कोण ठेवतं? ऑफिसचा साधा नंबर ज्या खोक्याच्या तळाशी होता ते खोकं आईच्या माळ्यावर. नवीन खरेदीचा नंबर मिळाला, लावला, पहिल्या घंटीलाच एक गोड आवाजाचा मुलगा बोलायला लागला. मी त्याला सांगितलं की माझी म्हातारी आई आत कोंडलीय. त्याने फार हळहळून ऐकून घेतलं आणि दुसरं कुलूप घेतल्यास काय सूट मिळेल ते सांगितलं. तक्रारीच्या माणसाकडे फोन जोडता येत नाही म्हणाला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली माझी.

शेवटी कायदा मोडला. पायरीवर बसून मोबाइलवरून तो नंबर लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई म्हणाली. महत्त्वाचा असता तर उचलला असता. मग बासरी. तीच बासरी, मोटरच्या वेळची. फोन ठेवावा तर रांगेतली जागा जाते आणि धरावा तर पैसे जातात. पैशाचा प्रश्न नव्हता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण पैशाचाच होता. पैसे होते माझ्याकडे. द्यायचे जिवावर आले होते. जिन्याला खिडकी नाही, पंखा नाही, मांडीवर पडद्याचं ओझं, आणि दाराच्या पलीकडे आई एकदम चिडीचूप. एकदा वाटलं, ती पडली तर नाही? हाक मारावी तर बासरी थांबून बाई बोलायची नेमकी तीच वेळ असायची. माझा जीव अगदी कोंडला. आणि हे मी पायरीवर बसून म्हणतेय, बाहेर.

तेवढ्यात दाराला अगदी लागून आईचा आवाज आला. “मोबाइलवरून लावलास की काय? ठेव तो. मी इथून लावते, आपला फुकट आहे.”

माझ्या जिभेवर ‘नको’ आलं होतं. काय बोलेल ही, काय दाबेल, कुणाला काय सांगून बसेल? मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी फोन कापला.

मी दारातून एकेक आकडा ओरडून सांगितला, तिने एकेक आकडा परत म्हणून दाखवला. एकही चुकला नाही. पुढे काय दाबायचं ते सांगायला मी दाराला तोंड लावलं, तर आतून आवाज आला की एक दाबून झालं, मग दोन, आता काहीच दाबायचं नाही, म्हणजे माणूस येतो. “तूच तसं करायचीस ना,” ती म्हणाली. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून बाईने हे शिक्षण घेतलं होतं आणि आम्हाला वाटत होतं की ती पाणी आणून देतेय.

मग ती थांबली. कंपनीच्या रांगेत थांबायचं म्हटलं की मी पाय आपटते, दादा शिव्या देतो. आईचा काहीच आवाज नव्हता. थांबायची तिला आम्ही चांगली सवय लावली होती.

माणूस आलं तसा तिचा आवाज बदलला. मला तिची एकच बाजू ऐकू येत होती. हो, कुलूप माझ्याच नावावर आहे. जन्मतारीख विचारली असावी. ती तिने दिवस-महिना-सालासकट खणखणीत सांगितली. मग म्हणाली, नाही हो, मी आत आहे, बाहेर मुलगी अडकलीय, ती बरी आहे. मग बराच वेळ हं, हं. मग काहीतरी प्रश्न आला असणार.

“मला आकडा कधी दिलाच नाही हो कुणी,” आई म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. आज नळाला पाणी नाही, हे सांगावं तशी म्हणाली. माझा कान दाराला होता आणि तो मला काढून घ्यावासा वाटला. लाज वाटली. मास्तर त्यांच्या उंबऱ्यात उभे होते. त्यांनीही ऐकलं असणार, कारण ते हळूच आत गेले आणि दार लोटून घेतलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

आत आई विचारत होती, नवीन आकडा मीच ठरवायचा? माझ्या मनाने? दुसऱ्या कुणाला विचारायला नको? मग हसली. आईला हसताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग पलीकडच्या मुलीने सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं असणार, कारण आई म्हणाली, “कुणालाच नाही सांगायचा? घरातल्यांनाही नाही? बरं, तुम्ही म्हणताय तर नाही सांगत.” त्या मुलीला तिने लग्न झालंय का विचारलं, जेवलीस का विचारलं, गळा बसलाय तर गरम पाणी पी म्हणून बजावलं. फोन फुकट होता, तिला कसली घाई?

कुलूप एकदा चिवचिवलं आणि लाल दिवा गेला. पण दार उघडलं नाही. आत कपाटाचा आवाज आला, पावलं इकडून तिकडे गेली. मग बटणं दाबल्याचा आवाज, सावकाश, एकेक.

आई दारात उभी होती. केस नीट बांधलेले, काखेत पर्स. माझी नजर आधी तिच्या पायांकडे गेली. दोन्ही चपला तिच्याच होत्या.

मी आत शिरायला पाऊल उचललं, पण ती बाजूला झाली नाही. उलट तीच बाहेर आली, आणि दार तिच्या मागे आपोआप बंद झालं. आता मी पडदा आणि औषधं घेऊन बंद दारासमोर, आधी होते तिथेच.

“आकडा काय ठेवलास?” मी विचारलं.

“कुणाला सांगायचा नाही म्हणाली ती.”

“आई, मी काय कुणी आहे का?”

“तुम्ही तरी मला कुठे सांगितला होता,” ती म्हणाली. रागाने नाही. “येशील तेव्हा बेल वाजव. मी उघडीन.”

दादाने स्वस्तात पडावं म्हणून कुलूप तिच्या नावावर घेतलं आणि मी फुकटात पडावा म्हणून फोन तिच्या हाती दिला. दोघांनी मिळून चांगली बचत केली. मला हसू यायला हवं होतं, पण मला टॅक्सीवाला आठवत होता, आणि बाबांची चप्पल. आई कठडा धरून पहिली पायरी उतरली होती.

“वाचनालयात चाललीस?” मी म्हटलं. “आणि आकडा विसरलीस तर?”

ती थांबली. खरंच विचार केला तिने. मग माझ्या हातातल्या औषधांच्या पिशवीकडे बघितलं आणि बंद दाराकडे बघितलं.

“तर दोघी बाहेर राहू,” आई म्हणाली. “आत राहून बघितलंय मी.”

आणि जिना उतरायला तिने माझ्याकडे हात केला.